काही मूल्य नसल्याचा दाखला

नवार्दच्या पाठवणीची कामं वाटली गेली तेव्हा माझ्या वाट्याला एकच काम आलं, आणि तेही सातिकने बराच विचार करून दिलं. सातिक माझी बायको, नवार्द आमची एकुलती एक मुलगी. तिचं फ्रान्समधल्या मार्सेयच्या आर्शाविरशी जमलं होतं. लग्न तिकडेच व्हायचं होतं, शनिवारी तिचं विमान होतं, आणि व्हिसा मिळाला की आम्ही दोघं मागून जाणार होतो. व्हिसाची कथा मी सांगणार नाही. ती विनोदी नाही.

बॅग भरणं हे आमच्या येरेवानमधल्या इमारतीत खाजगी काम समजत नाहीत. मुलगी परदेशी चालली म्हटल्यावर सगळ्या मजल्यांवरून माणसं बॅग बघायला आली. विहीणबाईंसाठी डाळिंबाच्या आकाराचे चांदीचे कानातले घेतले होते, ते प्रत्येकाने तळहातावर घेऊन जोखले. ग्युम्रीच्या मेहुणीने सुईने विणलेला लेसचा मेजपोस पाठवला होता, तो प्रत्येकाने उजेडासमोर धरून पाहिला. दिलिजानच्या जंगलातला चहा होता: रानओवा, पुदिना, जंगली गुलाबाची फळं, सगळं सातिकच्या मावशीने स्वतः वेचून सावलीत वाळवलेलं. आणि मीठ ठेवायची मातीची बाई होती, जिच्या पोटात मीठ भरतात. चौथ्या मजल्यावरच्या एम्माने चहाच्या पिशवीचा वास घेतला. ती रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे, वास घेतल्याशिवाय कशावरही बोलत नाही. "फ्रान्सच्या विमानतळावर कुत्रे असतात," ती म्हणाली. "असला वाळका पाला दिसला की पिशवीवर येऊन बसतात." तळमजल्यावरचा राझमिक दिवसभर अंगणात नार्दीचा पट मांडून बसतो आणि फासे पडेपर्यंतच्या वेळात जगाला सल्ले देतो. तो म्हणाला, मातीच्या बाईला कपड्यांत गुंडाळा, पण डोकं बाहेर ठेवा, नाहीतर अपशकुन होतो. असा अपशकुन आमच्यात कुणी कधी ऐकला नव्हता. तरी सातिकने डोकं बाहेर ठेवलं.

राहता राहिला गालिचा. तो सातिकने विणला होता. हिशेबनीस म्हणून निवृत्त झाल्यावर बायका फुलझाडं लावतात, नाहीतर सुनेशी भांडतात. आम्हाला सून नाही. सातिकने दिवाणखान्यात माग उभा केला आणि जवळजवळ दोन हिवाळे आमच्याकडे पाठ करून त्याच्यासमोर बसली. आमच्या घरात त्या गालिच्यावर एकच चर्चा व्हायची, की हा माग इथून कधी हलणार. गालिचा मोठा नाही. पलंगाच्या बाजूला पसरता येईल एवढाच. नवार्द म्हणाली होती, आई, एवढं वजन कशाला, तिथं सगळं मिळतं. त्यावर सातिक म्हणाली, "तेच तर. तिथं सगळं त्यांचं असणार. भांडी त्यांची, पडदे त्यांचे, खिडकीतून दिसणारा समुद्रसुद्धा त्यांचा. सकाळी उठून पाय टेकशील तेवढी जागा तरी आपली असू दे." एवढ्यावर गालिचा जाणार हे नक्की झालं.

पण हातविणीचा गालिचा देशाबाहेर न्यायचा तर दाखला लागतो. वस्तू पुरातन नाही, तिला ऐतिहासिक, कलात्मक वा सांस्कृतिक मूल्य नाही, असा शिक्क्याचा कागद. तो आणायचं काम माझ्याकडे आलं. "फक्त एवढंच सांगायचं," सातिक गालिचा गुंडाळताना म्हणाली, "नवा आहे, घरी विणलाय. बाकी काही बोलायचं नाही."

हे मला सांगायची गरज नव्हती. मी लिफ्ट-तपासणी खात्यातून निवृत्त झालो आहे. माझी सही होईपर्यंत निम्म्या येरेवानची माणसं जिने चढत असत. दाखला काय असतो, तो कसा अडवतात आणि कसा सोडतात, हे मला कुणी शिकवायला नको. मी दाढी केली, टाय लावला, गालिचा खांद्यावर टाकला आणि निघालो.

कचेरीत रांग फार नव्हती. खिडकीमागे तातेविक नावाची एक हसरी मुलगी होती. तिने गालिचा उलगडून पाहिला, माझा पासपोर्ट घेतला आणि म्हणाली, "नवाच आहे ना, काका? मग सोपं आहे. 'कसलंही मूल्य नाही' असं लिहिते. खाली सही करा, झालं."

इथे मी सही करायला हवी होती. शहाण्या माणसाने केली असती. पण 'कसलंही मूल्य नाही' हे शब्द ती इतक्या सहज लिहीत होती, की जणू वाण्याकडे साखर नाही असं सांगावं. ज्या बाईची पाठ मी दोन हिवाळे बघितली, तिच्याबद्दल हे चाललं होतं.

"कसलंही म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे, काका. जुना नाही ना?"

आता आमच्या लोकांना कुणी 'हे जुनं नाही ना' असं विचारलं, तर 'नाही' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आमची भाकरी जुनी, आमची दारू जुनी, आमची देवळं जुनी. जगातला सगळ्यात जुना जोडा आमच्याच गुहेत सापडला. तो एकाच पायाचा आहे, पण दुसराही आमच्याकडेच निघेल याबद्दल कुणाला शंका नाही. आम्ही शेजाऱ्याकडे कोथिंबीर मागायला गेलो तरी ती किती हजार वर्षांपूर्वीची आहे हे सांगूनच परत येतो. जिभेला हाड नसतंच, आमच्या जिभेला कुलूपही नसतं.

"जुना नाही?" मी म्हणालो. "पोरी, हा लाल बघ. मंजिष्ठेच्या मुळांचा आहे. हा रंग आमच्या बायका ख्रिस्ताच्या आधीपासून उकळतायत. आणि हा पक्षी बघ. पाय मोज."

तिने मोजले. खालच्या कोपऱ्यातल्या पक्ष्याला तीन पाय होते. खरं सांगायचं तर ते माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. पण एकदा 'मोज' म्हटल्यावर मागे कसं फिरणार?

"एक पाय भूतकाळात," मी म्हणालो, "एक वर्तमानात आणि एक भविष्यात. सूर्यपक्षी. आपल्या पूर्वजांचा."

मागे रांगेत एक म्हातारा उभा होता. तो पुढे सरकला, चष्मा काढून बघितलं आणि म्हणाला की त्याच्या गावच्या देवळाच्या दगडावर अगदी हाच पक्षी कोरलेला आहे. एक बाई म्हणाली, तिच्या आजीच्या चादरीवर होता. रांगेत एकदम जिवंतपणा आला. तीन पायांचा पक्षी आयुष्यात कधी पाहिला नाही असं म्हणणारा तिथे एकही निघाला नाही. माझी छाती फुगली. आणि तातेविकने हातातलं पेन खाली ठेवलं.

"थांबा हं, काका," ती म्हणाली. "मी प्राध्यापकांना बोलावते."

प्राध्यापक बाबकेन हे खोकणारे, किडकिडीत, हातात भिंग असलेले गृहस्थ होते. त्यांनी गालिचा उलटा केला, पाठीमागच्या गाठी पाहिल्या, लालावर भिंग धरलं, मग पक्ष्यावर. तिथे भिंग बराच वेळ राहिलं. मग त्यांनी गालिचा घडी घालून लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. मला एक पावती मिळाली. समिती बसेपर्यंत वस्तू कचेरीच्या ताब्यात, असं तिच्यावर लिहिलं होतं. मी दाखला काढायला गेलो होतो आणि गालिचा देऊन आलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी जायला पाय उचलेना, म्हणून मी अंगणात राझमिकसमोर बसलो. खांद्यावर गालिचा नाही आणि हातात कागद आहे, एवढ्यावरून त्याला सगळं कळलं.

"म्हणजे त्याला आता मूल्य आहे?" त्याने फासे हलवत विचारलं.

"आहे म्हणतात."

"तुझ्यामुळे?"

 तेवढ्यात एम्मा खाली आली आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ती खुर्ची घेऊनच बसली. "तुझी पीडा मला लागो, नोराइर," ती म्हणाली, "आधी माझ्याकडे यायचं होतंस. मी त्याला क्लोरीनच्या पाण्यात एकदा बुडवून काढलं असतं. मग तो काय, त्याचा बापसुद्धा जुना दिसला नसता."

"बुडवून काढल्यावर तो गालिचा राहिला असता का?"

"राहिला असता. पांढरा."

राझमिकचं म्हणणं पडलं की साक्षीदार लागतील. गालिचा अगदीच साधा आहे असं सांगणारी चार प्रतिष्ठित माणसं समितीपुढे उभी करायची. "मी येतो," तो म्हणाला. "खरं तर मला तो लाल जरा भडकच वाटतो."

"आणि कडेची वेलबुट्टी," एम्मा म्हणाली, "एका बाजूला अरुंद झालीय. मी सातिकला बोलले नाही. वाईट वाटलं असतं तिला."

"पक्षी तर कोंबड्या दिसतात," पहिल्या मजल्यावरून कुणीतरी खिडकीतून म्हणालं. आमच्या अंगणात खिडक्या उन्हाळ्यात बंद नसतात.

हीच माणसं गेले दोन हिवाळे आमच्याकडे कॉफी पिताना मागाकडे बघून 'तुझे हात धन्य' म्हणत होती. माझ्या डोक्यात राग चढला. मी म्हणालो, लाल भडक नाही, लाल असाच असतो. एम्मा म्हणाली, मग तू जा आणि समितीला हेच सांग, म्हणजे गालिचा थेट संग्रहालयात जाईल. 

शेवटी ठरलं की आधी प्राध्यापकांना एकट्यात भेटायचं. मोकळ्या हाताने जायचं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी व्याह्यांच्या चहातला एक पुडा काढून घेतला. प्राध्यापकांचा खोकला मी पाहिला होता, आणि रानओव्याचा चहा खोकल्याला चांगला. यात लाच काही नाही. लिफ्ट-तपासणी खात्यात असताना लोक मला मध आणून देत, आणि मी लिफ्ट बंदच ठेवत असे.

प्राध्यापकांनी चहा लगेच करायला लावला. कप दोन्ही हातांत धरून ते बराच वेळ वाफ घेत राहिले. मी विषय काढला. म्हटलं, काल मी जरा भरात बोललो. गालिचा अगदीच सामान्य आहे. रंग भडक आहे, वेलबुट्टी एका बाजूला अरुंद आहे आणि पक्षी, खरं बघता, कोंबड्या आहेत.

प्राध्यापकांनी कप खाली ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "काल तुम्हाला या पक्ष्याचे तिन्ही पाय कुठे टेकलेत तेसुद्धा माहीत होतं. आज तुम्हाला ती कोंबडी वाटते. आणि शनिवारी हा गालिचा देश सोडून जाणार आहे."

"हो."

"माझ्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असतात?"

मी त्यांच्या जागी असतो, तर समोरचा माणूस जुनी वस्तू चोरून बाहेर नेतोय असंच समजलो असतो. हे मी बोललो नाही, पण चेहऱ्यावर आलं असावं. उभ्या हयातीत ज्या माणसाने एका शिक्क्याचाही गैरवापर केला नाही, त्याच्यावर ही वेळ आली. प्राध्यापक आवाज खाली आणून म्हणाले की उद्या शुक्रवारी समिती बसतेय. विणणारी बाई खरंच हयात असेल तर तिला घेऊन या. मग जरा थांबून म्हणाले, "पन्नास वर्षं मी गालिचे बघतोय. असा लाल फार थोड्या वेळा पाहिला. कुणाचे हात असतील कोण जाणे." आणि त्यांनी उरलेला चहा संपवला.

आदल्या रात्री 'दाखला उद्या मिळतोय' म्हणून मी वेळ मारून नेली होती; आता सातिकला खरं कसं सांगायचं याचा विचार करत मी घरी आलो. तो वाया गेला. अंगणातून ती बातमी माझ्या आधी वर पोचली होती. ती स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत सारण भरत होती, नवार्दला जाण्याआधी डोलमा खायचा होता म्हणून. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ए माणसा, मी तुला एक वाक्य देऊन पाठवलं होतं."

"हो."

"नवा आहे, घरी विणलाय. यात ख्रिस्त कुठून आला?"

मी प्राध्यापकांची सगळी हकीकत सांगितली. माझ्यावर चोरीचा संशय आला हा भाग मी सविस्तर सांगितला, कारण तो मला लागला होता. सातिकने तो ऐकलाच नाही.

"लालाबद्दल काय म्हणाले?"

"असा लाल फार थोड्या वेळा पाहिला म्हणाले. पन्नास वर्षांत."

तिने पान गुंडाळलं, पातेल्यात ठेवलं. पुढचं घेतलं. "पन्नास म्हणाले?"

"पन्नास."

जरा वेळाने, मी खोलीत पेपर उघडून बसलो होतो, तर ती हात पुसत दारात आली. "आणि हातांबद्दल काहीतरी म्हणाले, असं एम्मा सांगत होती." मी म्हणालो, कुणाचे हात असतील कोण जाणे, असं म्हणाले. एम्माला हे कसं कळलं ते मला अजून समजलेलं नाही. सातिक तशीच परत आत गेली. त्या दिवशी डोलम्यात मीठ दुप्पट पडलं होतं. नवार्दने पाणी पीत पीत सगळा खाल्ला.

शुक्रवारी आम्ही निघालो तेव्हा सातिकने निळा झगा घातला होता, जो ती फक्त लग्नांना घालते. हातात एक कापडी पिशवी होती. राझमिक आणि एम्मा साक्षीदार म्हणून सोबत आले. राझमिकने टोपी घातली होती, एम्माने पदक लावलं होतं, शिक्षकदिनाचं. आम्ही चौघं मिनीबसमध्ये चढलो तेव्हा लोकांनी आम्हाला जागा दिली. कुणाच्या तरी मयताला चाललोय असं त्यांना वाटलं असावं.

समिती म्हणजे प्राध्यापक, तातेविक आणि शिक्का सांभाळणारा एक जाड माणूस. गालिचा मेजावर पसरलेला होता. प्राध्यापक बोलायला लागले. बाहेरच्या रांगेतली माणसंही दारात येऊन उभी राहिली, कारण दार उघडं असलं की आमच्याकडे ते सगळ्यांसाठीच असतं. ते लालाबद्दल बोलले, गाठींच्या घट्टपणाबद्दल बोलले. वेलबुट्टी एका बाजूला अरुंद होते ती जुन्या विणकरणींची मुद्दाम सोडलेली खूण आहे म्हणाले. एम्माने इकडे तिकडे पाहिलं. मग ते पक्ष्यापाशी आले. तिसरा पाय, बाकीच्या दोघांसारखाच निळा, हा त्यांच्या मते एखाद्या विसरलेल्या श्रद्धेचा अवशेष होता आणि त्यावर ते लेख लिहायला घेणार होते.

सातिक ऐकत होती. मध्ये बोलायची तिला सवय आहे, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. प्राध्यापक थांबले तेव्हासुद्धा ती जराशी वाट बघत राहिली, अजून काही आहे का म्हणून.

मग ती म्हणाली, "तिसरा पाय चुकून झालाय."

"चुकून?"

"दोन विणून झाले होते. तेवढ्यात मुलगी आत आली आणि म्हणाली, आई, मी त्याला हो सांगितलं. मी हो म्हटलं आणि विणत राहिले. हात चालूच होता. थांबले तेव्हा पाय तीन झाले होते."

"उसवला का नाहीत?"

"उसवायला घेतला होता. मग म्हटलं, राहू दे."

दारातला तो म्हातारा, ज्याच्या गावच्या देवळावर हाच पक्षी होता, हळूच मागे सरकला. प्राध्यापक मात्र हटायला तयार नव्हते. ते म्हणाले, पण हा निळा? असा विटलेला निळा नव्या लोकरीत येत नाही, याला वर्षानुवर्षं ऊन लागावं लागतं.

"लागलंय," सातिक म्हणाली. तिने पिशवीत हात घातला आणि एक निळी बाही काढून मेजावर ठेवली.

ती माझ्या स्वेटरची होती. माझ्या आईने विणलेला स्वेटर, जो घालून मी या शहरातल्या प्रत्येक लिफ्टच्या छतावर उभा राहिलो होतो, आणि ज्याला कसर लागली, टाकून द्यावा लागला, असं मला सांगण्यात आलं होतं. मी त्याच्यासाठी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. प्राध्यापकांनी बाहीवर भिंग धरलं, मग पायावर, मग परत बाहीवर.

"कसर लागली होती ना?" मी विचारलं.

"निळी लोकर संपली होती," सातिक म्हणाली. "आणि तुझं काहीतरी त्यात असावं असं वाटलं. तू काय स्वतःहून देणार होतास?"

राझमिकने टोपी काढली. तो साक्ष द्यायला उठला, पण आता साक्षीची कुणालाच गरज नव्हती, म्हणून परत बसला.

प्राध्यापक खूप वेळ बाही चाचपत होते. मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि खुर्ची ओढून सातिकच्या जवळ बसले. त्यांचा आवाज बदलला होता. "सातिकबाई," ते म्हणाले, "गालिचा नवा आहे, मान्य. म्हणजे असं विणणारी बाई जिवंत आहे आणि माझ्यासमोर बसलीय. मला याहून चांगली बातमी नको. वसंतात आपलं हयात विणकरांचं प्रदर्शन आहे. हा त्यात मध्यभागी लावू. खाली तुमचं नाव येईल, गाव येईल. पण तशी नोंद करायची तर त्याला मूल्य आहे असं लिहावं लागेल, आणि मग तो देशाबाहेर जाणार नाही. न्यायचा असेल तर मूल्य नाही असं लिहावं लागेल. मधलं काही मला लिहिता येत नाही."

"नाव छापील असेल?" सातिकने विचारलं.

"छापील. मोठ्या अक्षरात."

ती गालिच्यावर हात ठेवून बसली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या ताळेबंदांवर कोपऱ्यात सह्या केल्या होत्या. मला वाटलं, ती राहू द्या म्हणेल, आणि मला वाटलं, म्हणावं. मुलीला आपण दुसरं काहीतरी देऊ. मला हे बोलायचंही होतं, पण दोन दिवसांपूर्वी याच कचेरीत बोलून मी काय केलं होतं ते आठवून गप्प राहिलो.

"मुलगी उद्या जाते," सातिक म्हणाली. "नाही लिहा."

प्राध्यापकांनी मान हलवली. तातेविकने कागद भरला आणि माझ्यापुढे सरकवला, कारण अर्जदार मी होतो. वरील वस्तूस ऐतिहासिक, कलात्मक वा सांस्कृतिक असं कसलंही मूल्य नाही व हे अर्जदारास मान्य आहे. त्याखाली रेघ होती.

मी सही केली. तातेविकने ती पासपोर्टशी ताडून पाहिली आणि म्हणाली, "काका, जुळत नाहीये." तिने दुसरा कागद भरला. मी पुन्हा सही केली. ती पहिलीपेक्षा वाईट आली. ज्या सहीवर निम्मं येरेवान वर-खाली झालं, ती मला जमत नव्हती. जाड माणूस शिक्का हातात धरून ताटकळला होता. तातेविकने तिसरा कागद भरला.

"एक विचारतो," मी म्हणालो. "मला मान्य नसेल तर ते कुठं लिहायचं?"

"त्याला रकाना नाही, काका."

"पण माझं मत वेगळं आहे."

"काय मत आहे?" हे तातेविकने नाही विचारलं. सातिकने विचारलं. ती माझ्याकडे बघत होती, जशी प्राध्यापकांकडे बघत होती तशी.

मग मी सांगितलं. टाय लावून, रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर, राझमिक आणि एम्मासमोर सांगितलं. की तू मागावर बसायचीस तेव्हा मी रोज पेपर उघडून बसायचो आणि एक ओळ वाचायचो नाही. त्या लालाकडे बघत असायचो, तो रोज थोडा थोडा वर चढायचा. आणि बघतोय हे तुला कळू नये म्हणून पेपर चेहऱ्यासमोर धरायचो. माग हलव म्हणून भुणभुण करायचो, पण तू तो खरंच हलवलास त्या दिवशी त्या जागेकडे मला बघवेना. मला गालिच्यातलं काही कळत नाही. पण याहून सुंदर वस्तू आपल्या घरात कधी आली नाही, आणि ती उद्या जाणार आहे.

सातिकने मान खाली घातली आणि गालिचा गुंडाळायला घेतला. एका बाजूने एम्माने धरला.

"करा सही, काका," तातेविक हळूच म्हणाली.

मी केली. तिने पासपोर्टशी ताडून पाहिली. या वेळी जुळली.